ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी टेबलावर तपासून घ्या



मासळी नेणाऱ्या पेट्रोल किंवा सीएनजी गाडीचा 'चेक इंजिन' दिवा लागला, मायलेज घसरलं, की सल्ला मिळतो, "ऑक्सिजन सेन्सर बदला." नवा सेन्सर स्वस्त नसतो. जुना खरंच गेलाय का, ते आधी बघूया.

सेन्सरच्या टोकात झिर्कोनियाची टोपी असते. तिच्या बाहेरून इंजिनाचा धूर जातो, आत साधी हवा असते. धुरात ऑक्सिजन कमी म्हणजे इंधन जास्त, तेव्हा सुमारे ०.९ व्होल्ट मिळतात. ऑक्सिजन जास्त असला की ०.१ च्या आसपास. पण टोक ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय सेन्सर नीट बोलत नाही.

तपासणी अशी करा:

१. इंजिन थंड झाल्यावर सेन्सर काढा आणि षटकोनी भागावर व्हाइसमध्ये पकडा. जागा मोकळी हवी. जवळ पेट्रोल, सिलिंडर, जाळी नको.

२. चार वायरींच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायरी बहुधा हीटरच्या असतात. मीटर ओहमवर ठेवून त्या मोजा. थोडेच ओहम दिसले तर हीटर शाबूत. काहीच दिसलं नाही तर हीटर तुटलाय.

३. आता डिजिटल मीटर डीसी २ व्होल्टवर ठेवा. सिग्नल वायरला प्लस, ग्राउंड वायरला मायनस. एक किंवा तीन वायरी असतील तर मायनस सेन्सरच्या अंगाला. सिग्नल वायरवर ओहम मोजू नका, बॅटरी तर कधीच लावू नका.

४. गॅस टॉर्चच्या ज्योतीत फक्त टोक तापवा. मिनिटभरात ०.६ च्या वर आकडा गेला पाहिजे. ज्योत बाजूला घेतली की तीन-चार सेकंदांत ०.१ पर्यंत उतरला पाहिजे.

चढला नाही किंवा सावकाश उतरला, तर सेन्सर बदला. पाच-सहा वायरींच्या वाइडबँड सेन्सरला ही पद्धत चालत नाही.

पास झाला तर दोष दुसरीकडे शोधा. खाऱ्या हवेनं सेन्सरच्या अलीकडचा सायलेन्सर पाइप गंजून भोक पडलं, की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो.

आणि एक. गंज नको म्हणून आपण सगळ्याच कनेक्टरांत ग्रीस भरतो. इथे भरू नका. बऱ्याच सेन्सरांना आतली हवा वायरींच्या तारांमधूनच मिळते. ती वाट बुजली, की चांगला सेन्सर फुकट जातो.