‘टाइम’चे स्पॅनिश करताना : भाचीस पत्र

राजेंद्र नगर, इंदूर



इंग्रजी माध्यमातील पुस्तकांवरून स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थिनीने अनेकार्थी इंग्रजी शब्दाचा, म्हणजे एकाच रूपात निरनिराळे अर्थ बाळगणाऱ्या शब्दाचा, स्पॅनिश प्रतिशब्द शोधण्याआधी ते वाक्य घरच्या मराठीत मनाशी म्हणून पाहावे. कारण इंग्रजीत असा शब्द जिथे एकसंध राहतो तिथे मराठीत त्याचे पुष्कळदा दोन-तीन शब्द होतात, आणि स्पॅनिशमधील फाटे वारंवार त्याच ठिकाणी फुटलेले असतात.

‘टाइम’ हा शब्द या दृष्टीने फार बोलका आहे. स्पॅनिशमध्ये सरणाऱ्या काळाला ‘तिएम्पो’, घड्याळातील वेळेला ‘ओरा’ आणि खेपेला ‘वेस’ म्हणतात, आणि या तिहींना एकच इंग्रजी शब्द पुरतो. मराठीत ‘वेळ’ हा शब्द वरवर एकच दिसला, तरी त्याचे लिंग अर्थाबरोबर बदलते : ‘सगळा वेळ वाया गेला’ यातील पुल्लिंगी वेळ कालावधी सांगतो, तर ‘गाडीची वेळ झाली’ यातील स्त्रीलिंगी वेळ नेमका क्षण दाखवते, आणि तीच अनेकवचनात ‘तीन वेळा’ अशी आली की आवृत्ती मोजते. म्हणजे पुल्लिंगी वेळ तो ‘तिएम्पो’, स्त्रीलिंगी ती ‘ओरा’ आणि ‘वेळा’ म्हणजे ‘वेसेस’, एवढी खूण पाठ्यपुस्तकातील पानभर नियमांपेक्षा अधिक उपयोगी पडावी. वेळ मजेत गेला हे सांगताना तर इंग्रजी ‘गुड टाइम’ म्हणते, पण मराठी ‘मजा आली’ एवढ्यावर भागवते आणि स्पॅनिशमधील ‘पासार्लो ब्येन’ या प्रयोगातही काळवाचक शब्द नसतो. मात्र ‘तिएम्पो’चा दुसरा अर्थ हवामान असाही आहे, आणि तिथे मराठीचा आधार सुटतो.

‘आस्क’साठी विचारणे व मागणे, म्हणजे ‘प्रेगुंतार’ आणि ‘पेदिर’. ‘प्ले’साठी खेळणे व वाजवणे, म्हणजे ‘हुगार’ आणि ‘तोकार’. ‘हॉट’साठी तिखट व गरम, म्हणजे ‘पिकान्ते’ आणि ‘काल्येन्ते’ : या जोड्यांवर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

इंदुरात राहणाऱ्या मराठी मुलीला मात्र एक सावधगिरी विशेष बाळगावी लागते. बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी आणि घरी मराठी अशा व्यवहारात हिंदीतील ‘मिलना’ मराठीत शिरून ‘काल ती राजवाड्यावर मिळाली’ असे वाक्य सहज तोंडून जाते, आणि त्याबरोबर प्रमाण मराठीने जपलेले भेद पुसले जातात. स्पॅनिशमध्ये नव्याने ओळख झाली तर ‘कोनोसेर’, अवचित गाठ पडली तर ‘एन्कोन्त्रार्से’, आणि हरवलेली वस्तू सापडली तर नुसते ‘एन्कोन्त्रार’. या तिन्ही ठिकाणी ‘मिळाली’ म्हणण्याची सवय असेल तर कोणते क्रियापद घ्यावे हे मराठीला विचारूनही उत्तर येणार नाही. इंदुरी बोलीचा गोडवा खराच, पण या कामापुरती ओळख होणे, गाठ पडणे आणि सापडणे ही क्रियापदे वेगळी ठेवावीत.

जिथे मराठीच भेद करीत नाही तिथे तिच्यावर भार टाकू नये, आणि ‘आहे’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. इंग्रजीतील ‘बी’ या क्रियापदासाठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे असून, ‘एस लिस्ता’ म्हणजे ती हुशार आहे, तर ‘एस्ता लिस्ता’ म्हणजे ती तयार आहे. कायमचे असेल तर ‘सेर’ आणि तात्पुरते असेल तर ‘एस्तार’ हा वर्गात सांगितला जाणारा नियम सोपा असला तरी लंगडा आहे, कारण माणूस मृत आहे असे सांगताना, त्याहून कायमचे काही नसूनही, ‘एस्तार’च येते. मरण ही पालटानंतरची अवस्था मानली जाते, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते. स्थळाबाबतही सभागृह कुठे आहे हे ‘एस्तार’ने आणि सभा कुठे आहे हे ‘सेर’ने सांगतात, कारण वास्तू एका जागी असते आणि सभा तिथे घडते.

रूपसाम्यालाही भुलू नये. ‘पगार’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. परंतु पोर्तुगीजप्रमाणेच स्पॅनिशमध्येही ‘पागार’ हे पैसे चुकते करण्याचे क्रियापद आहे आणि महिन्याच्या पगाराला स्पॅनिश माणूस ‘स्वेल्दो’ म्हणतो.

मोल्सवर्थ व कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशात एकेका इंग्रजी शब्दाखाली मराठी शब्दांची लांब रांग लागलेली दिसते, आणि तीतून निवड करण्याचे काम वाचणाऱ्याकडेच राहते. द्विभाषी कोशांची ही मर्यादा आजही टळलेली नाही. म्हणून प्रतिशब्द हाती लागल्यावर तो स्पॅनिश-स्पॅनिश कोशात पुन्हा पाहावा. माद्रिदच्या रेआल आकादेमिया या भाषासंस्थेचा कोश, ज्याची पहिली एकखंडी आवृत्ती १७८० मध्ये निघाली, प्रमाण अर्थासाठी चांगला. पण शब्द कोणत्या संगतीत वावरतो हे पाहण्यासाठी मारिया मोलिनेर यांनी वर्षानुवर्षे एकटीने रचलेला आणि १९६६-६७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेला वापरकोश अधिक कामाचा आहे. तो जड वाटला तरी आरंभी ‘तिएम्पो’ आणि ‘वेस’ या दोन नोंदी सावकाश वाचाव्यात आणि त्यांतील प्रत्येक उदाहरणाचे मराठी वहीत उतरवावे. इंग्रजी त्या वहीत नसले तरी चालेल.