जर्सी सिटीचे वस्ताद

(शाळेतील मुलांना बास्केटबॉल शिकवणारे रॉबर्ट हर्ली यांचा परिचय या पाठात करून दिला आहे. मोठ्या पगाराच्या जागा सोडून ते आपल्या गावातील एका लहान शाळेत ४५ वर्षे का राहिले, हे पाठ वाचताना लक्षात घ्या.)

‘पिकते तेथे विकत नाही’ अशी मराठीत एक म्हण आहे. उर्दूत तुम्ही ‘घर की मुर्गी दाल बराबर’ म्हणता. दोन्ही म्हणींचा अर्थ जवळजवळ एकच आहे. माणूस कितीही गुणी असला, तरी त्याच्या स्वतःच्या गावात त्याची किंमत कमीच होते. म्हणून पुष्कळ गुणी माणसे गाव सोडतात आणि दुसरीकडे जाऊन नाव कमावतात. त्यात गैर काहीच नाही. पण अमेरिकेतील जर्सी सिटी या शहरात एका माणसाच्या बाबतीत ही म्हण खोटी ठरली. त्यांचे नाव रॉबर्ट हर्ली. लोक त्यांना बॉब हर्ली म्हणतात.

जर्सी सिटी हे शहर हडसन नदीच्या काठी आहे. नदीच्या पलीकडे न्यूयॉर्कच्या उंच इमारती दिसतात. स्वातंत्र्यदेवतेचा प्रसिद्ध पुतळाही येथून जवळच आहे. परंतु नदीच्या अलीकडे, या शहरात, बरीच वर्षे कष्टकऱ्यांची वस्ती होती. गोदी, रेल्वे आणि कारखाने यांवर लोकांचे पोट चाले. पुढे कारखाने बंद पडले. बेकारी वाढली आणि तिच्या मागोमाग नशा व गुन्हेगारीही आली. अशा शहरात १९४७ साली हर्ली यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पोलीस खात्यात होते. हर्ली यांचे शाळेचे आणि कॉलेजचे शिक्षणही याच शहरात झाले.

याच शहरात सेंट अँथनी नावाची एक लहानशी शाळा होती. पोलंड देशातून आलेल्या लोकांच्या चर्चने ती चालवली होती. शाळेची व्यवस्था धर्मभगिनी पाहत. मुले बहुतेक गरीब घरांतली. फी थोडी आणि खर्च जास्त, त्यामुळे शाळेला दरवर्षी देणग्या गोळा कराव्या लागत. हर्ली प्रथम या शाळेच्या लहान मुलांना खेळ शिकवू लागले. १९७२ साली ते शाळेच्या मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले.

बास्केटबॉल शिकवणाऱ्याला अमेरिकेत ‘कोच’ म्हणतात. आपल्याकडे कुस्तीच्या तालमीत ‘वस्ताद’ असतात. हा शब्द उर्दूतल्या ‘उस्ताद’ या शब्दावरूनच मराठीत आला आहे. वस्ताद केवळ डावपेच शिकवत नाहीत. मुलगा काय खातो, केव्हा झोपतो, कोणाबरोबर फिरतो, यावरही त्यांची नजर असते. हर्ली यांना ‘कोच’पेक्षा ‘वस्ताद’ हाच शब्द अधिक शोभतो, असे मला वाटते.

आता गंमत पाहा. ज्या शाळेच्या संघाने पुढे सारा देश गाजवला, त्या शाळेला स्वतःची व्यायामशाळाच नव्हती! मुले बरीच वर्षे ‘व्हाइट ईगल हॉल’ नावाच्या एका जुन्या सभागृहात सराव करीत. तेथे लोक बिंगो खेळायला जमत. ज्या न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर हे सभागृह आहे, त्याच रस्त्यावर थोडे पुढे गेले की भारतीय दुकानांची रांग लागते. आपल्या देशातून गेलेल्या किती जणांना या सभागृहाची गोष्ट ठाऊक असेल, कोण जाणे!

हर्ली यांच्या शिकवण्यात चमत्कार कोणताच नव्हता. उड्या मारून चेंडू जाळीत टाकणारा खेळाडू प्रेक्षकांना आवडतो. हर्ली मात्र आधी बचाव शिकवीत. गुडघे वाकवून उभे राहा, हात पसरा, समोरच्या खेळाडूला क्षणभरही मोकळे सोडू नका, हा त्यांचा पहिला धडा होता. चेंडू फेकण्यापेक्षा चेंडू योग्य साथीदाराला देण्याला ते अधिक महत्त्व देत. एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा करायला लावीत. चूक झाली की त्यांचा आवाज चढे. ते फार रागीट होते आणि रागाच्या भरात कठोर शब्दही बोलत. त्यांच्या या स्वभावाचे कौतुक करण्याचे कारण नाही. प्रत्येक मुलाला असा धाक मानवत नाही. तरीही शाळा सोडून गेलेली मुले मोठी झाल्यावर त्यांना भेटायला परत येत, हेही तितकेच खरे आहे.

मुले परत का येत? याचे उत्तर हर्ली यांच्या दुसऱ्या कामात आहे. शाळा त्यांना मानधन देई, पण ते अगदी थोडे असे. घर चालवण्यासाठी ते नोकरी करीत आणि ती नोकरी होती प्रोबेशन ऑफिसरची. हे काम काय असते, ते समजून घेऊ. एखाद्याच्या हातून गुन्हा घडला, तर न्यायालय काही वेळा त्याला तुरुंगात न पाठवता सुधारण्याची संधी देते. मात्र त्याने ठरलेल्या वेळी येऊन हजेरी द्यायची असते. तो काम करतो की नाही, पुन्हा वाईट संगतीत पडला का, यावर एक अधिकारी लक्ष ठेवतो. हाच प्रोबेशन ऑफिसर. हर्ली यांनी हे काम सुमारे तीस वर्षे केले.

इंग्रजीत न्यायालयालाही कोर्ट म्हणतात आणि बास्केटबॉलच्या मैदानालाही कोर्टच म्हणतात. हर्ली यांचा दिवस पहिल्या कोर्टाच्या कामात जाई आणि संध्याकाळ दुसऱ्या कोर्टावर. दिवसा ते ज्या तरुणांना भेटत, ते काही जन्मतः वाईट नव्हते. कोणाचे वडील घरात नव्हते, कोणी नशेच्या आहारी गेला होता, कोणाला शाळेतून काढले होते. संध्याकाळी समोर येणारी मुलेही त्याच गल्ल्यांतून येत. आज सरावाला दांडी मारणारा मुलगा चार वर्षांनी आपल्याला कोठे भेटेल, हे हर्ली यांना चांगले माहीत होते. त्यांच्या रागामागे ही भीती होती. ते मुलांच्या अभ्यासावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीत. त्यांच्या संघात खेळलेल्या मुलांपैकी जवळजवळ सर्वजण पुढे कॉलेजात गेले. शंभराहून अधिक मुलांना मोठ्या कॉलेजांची शिष्यवृत्ती मिळाली. ज्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, त्या घराला शिष्यवृत्तीचे मोल काय असते, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

विजयांची गोष्ट थोडक्यात सांगतो. हर्ली यांच्या संघाने १,१८४ सामने जिंकले आणि १२५ गमावले. म्हणजे दर दहा सामन्यांपैकी नऊ सामने त्यांनी जिंकले. न्यू जर्सी राज्याचे अजिंक्यपद त्यांच्या शाळेने पंचवीसहून अधिक वेळा मिळवले. १९८९ सालच्या संघाने तर एकही सामना गमावला नाही. त्या संघात हर्ली यांचा थोरला मुलगा बॉबी होता आणि टेरी डिहिअर नावाचा खेळाडूही होता. १९९३ साली हे दोघेही अमेरिकेच्या व्यावसायिक संघांत निवडले गेले. खेळ संपल्यावर डिहिअर जर्सी सिटीला परत आले आणि शहराच्या शिक्षण मंडळावर त्यांनी काम केले. २०१० साली बॉब हर्ली यांचे नाव स्प्रिंगफील्ड येथील बास्केटबॉलच्या सन्मान दालनात नोंदले गेले. १८९१ साली या खेळाचा जन्म ज्या गावी झाला, तेच हे स्प्रिंगफील्ड. केवळ शाळेच्या संघाला शिकवून तेथे पोहोचलेली माणसे फारच थोडी आहेत.

एवढे यश मिळाल्यावर कॉलेजांची बोलावणी आली नसती तरच नवल! तेथे पगार मोठा, मान मोठा, सामने दूरदर्शनवर दिसणारे. हर्ली यांनी ती बोलावणी स्वीकारली नाहीत. काही लोकांना हा वेडेपणा वाटला असेल. मला स्वतःला तो वेडेपणा वाटत नाही. पण प्रत्येकाने असेच करावे, असेही मी म्हणणार नाही. कारण त्यांच्याच घरातले उदाहरण वेगळे आहे.

त्यांचा धाकटा मुलगा डॅनियल. वडिलांचे नाव गाजलेले, थोरला भाऊ बॉबी कॉलेजच्या संघातून १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलेला. डॅनियल मैदानात उतरला की प्रेक्षक त्याला भावाच्या नावाने चिडवीत. हे त्याला इतके असह्य झाले, की १९९३ साली त्याने काही काळ खेळणेच सोडले. गावातली कीर्ती वडिलांना बळ देत होती. तीच कीर्ती मुलाच्या खांद्यावरचे ओझे झाली होती.

पुढे डॅनियलही प्रशिक्षक झाला. शेजारच्या न्यूअर्क शहरातील एका शाळेच्या संघाला त्याने २००१ पासून नऊ वर्षे शिकवले. पण तो तेथे थांबला नाही. २०१० साली एका लहान कॉलेजात, २०१२ साली त्याहून मोठ्या विद्यापीठात आणि २०१८ साली कनेक्टिकट विद्यापीठात, असा तो एकेक पायरी चढत गेला. कनेक्टिकटच्या संघाने त्याच्या हाताखाली २०२३ आणि २०२४ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. मग लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध लेकर्स संघाने त्याला बोलावले. सहा वर्षांसाठी सुमारे सात कोटी डॉलर देऊ केल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले. डॅनियलने नकार दिला आणि तो आपल्या विद्यापीठातच राहिला. ही बातमी वाचून जर्सी सिटीतल्या जुन्या माणसांना कोणाची आठवण झाली असेल, ते तुम्हीच ओळखा.

आता वडिलांकडे परत येऊ. गावात राहण्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. शहर बदलत होते. नदीकाठी उंच इमारती उभ्या राहिल्या, जागा महाग झाल्या. सेंट अँथनी शाळेची मुले मात्र कमी होत गेली आणि तिची तूट वाढत गेली. हर्ली वर्षानुवर्षे शाळेसाठी देणग्या मागत फिरले. शेवटी शेवटी तर त्यांनी शाळेच्या अध्यक्षपदाची जबाबदारीही घेतली. ज्या माणसाने स्वतःच्या पगाराचा विचार केला नाही, तो शाळेच्या पैशांसाठी लोकांच्या दारी जात होता. जुन्या विद्यार्थ्यांनी हातभार लावला. तरीही पैसा पुरेना.

एप्रिल २०१७ मध्ये शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. देशभर नाव मिळवलेला संघ शाळेला वाचवू शकला नाही. जून महिन्यात वर्गांना कुलपे लागली आणि राहिलेली मुले दुसऱ्या शाळांत गेली. तेव्हा हर्ली ६९ वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कोणत्याही शाळेचा संघ हाती घेतला नाही.

शब्दार्थ
गोदी – जहाजांतील माल चढवण्या-उतरवण्याची जागा
धर्मभगिनी – ख्रिस्ती धर्मसेवेला वाहून घेतलेली स्त्री
मानधन – कामाबद्दल मानाने दिलेली थोडी रक्कम
मानवणे – सोसणे, अनुकूल होणे
अजिंक्यपद – स्पर्धेत सर्वांना जिंकून मिळालेले पहिले स्थान
तूट – जमेपेक्षा खर्च जास्त झाल्याने पडलेली कमतरता

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सेंट अँथनी शाळेची मुले सराव कोठे करीत?
(आ) ‘वस्ताद’ हा शब्द कोणत्या शब्दावरून मराठीत आला?
२. प्रोबेशन ऑफिसरच्या नोकरीचा हर्ली यांच्या शिकवण्यावर काय परिणाम झाला, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. कारणे लिहा.
(अ) डॅनियलने काही काळ खेळणे सोडले.
(आ) सेंट अँथनी शाळा बंद झाली.
४. वाक्यात उपयोग करा : डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे, हातभार लावणे, दांडी मारणे, आहारी जाणे.
५. मराठीत आणि उर्दूत सारखे वापरले जाणारे पाच शब्द पाठातून शोधून लिहा. उदा., नजर.
६. तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात पुष्कळ वर्षे एकाच शाळेत शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकांना भेटा. ते दुसरीकडे का गेले नाहीत, ते विचारा आणि त्यांचे उत्तर मराठीत लिहून आणा.