अवधान-न्यूनता : निदानापूर्वीचे काही प्रश्न



'डॉक्टरसाहेब, पोरगं एका जागी ठरत नाही. गुरुजी म्हणाले, डोकं तपासून आणा.' नार्नूरच्या दवाखान्यात ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. पूर्वी असे मूल 'वांड' म्हणून सोडून दिले जाई. आता मोबाईलवर पाहिलेले 'एडीएचडी' हे नाव पालकच घेऊन येतात. दोन्ही टोकांना धोका आहे, आणि तो माझ्या अनुभवातून मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

हा विकार आधुनिक जीवनाने निर्माण केलेला नाही. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालच्या व्याख्यानांत बुद्धी चांगली असूनही मन स्थिर न ठेवू शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले होते. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्ये उत्तेजक औषधाने अशी मुले शांतपणे अभ्यास करू लागल्याची नोंद केली. 'अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर' हे नाव १९८० चे. १९८७ मध्ये त्यात अतिचंचलतेची भर पडली. जगभरातील पाहण्यांवरून शालेय वयातील सुमारे ५ टक्के मुलांत तो आढळतो. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे 'आईने लाडावले' हा आरोप शास्त्राला धरून नाही.

निदानासाठी रक्ताची वा मेंदूच्या चित्रणाची कोणतीही तपासणी नाही. अवधान-न्यूनता अथवा अतिचंचलता-आवेगशीलता यांपैकी एका गटातील नऊपैकी किमान सहा लक्षणे, सहा महिन्यांहून अधिक काळ, वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली आणि किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. आमच्या भागात यातील शेवटची अट सर्वांत मोलाची ठरते.

नार्नूर महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. घरी कोणी मराठी बोलते, कोणी गोंडी, कोणी बंजारा. शाळेत तेलुगू किंवा इंग्रजी. ज्या मुलाला फळ्यावरचे वाक्य कळतच नाही, ते खिडकीबाहेर पाहणार नाही तर काय करणार? शेजारच्या जैनूर भागातील मारलवाई येथे हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४० च्या दशकात गोंड मुलांना त्यांच्याच भाषेतून, देवनागरीतील पुस्तकांनी शिकवण्यास सुरुवात झाली होती. तो प्रयोग पुढे टिकला असता, तर माझ्याकडे येणारी काही 'चंचल' मुले आलीच नसती, असे मला राहून राहून वाटते.

आठ वर्षांचा एक मुलगा असाच आला. वर्गात सतत उठतो, सांगितलेले करत नाही. बापाला विचारले, शेतात कसा? 'बैलं एकटा सांभाळतो साहेब, दिवसभर.' येथेच शंका आली. कान पाहिला, तर दोन्ही बाजूंनी वाहत होता. घरी याला नुसते 'कान फुटलाय' म्हणत. उपचार झाले, बाक पुढे आला, आणि त्याची चंचलता बरीच ओसरली.

म्हणून प्रथम कान व डोळे तपासावेत. रात्री घोरणारे, तोंडाने श्वास घेणारे मूल दिवसा चिडचिडे व अस्थिर असते. रक्तक्षय पाहावाच. आदिवासी मुलांत सिकलसेलची तपासणी विसरू नये, कारण त्या आजारात बाहेरून न दिसणारी इजा मेंदूला होऊन अवधान कमी होऊ शकते. काही क्षण शून्यात पाहून पुन्हा भानावर येणाऱ्या मुलाला तीन मिनिटे जोरात श्वास घ्यायला लावावे. झटका समोरच दिसला, तर ती अपस्मार आहे.

हे सर्व मी बैठकांतून आत्मविश्वासाने सांगत असे. त्याच आत्मविश्वासाने माझी चूक झाली.

नऊ वर्षांची एक मुलगी, घर मराठी, शाळा तेलुगू. शांत, आज्ञाधारक, पण अभ्यासात मागे. मी 'भाषेचा प्रश्न आहे, सुधारेल' असे सांगून परत पाठवले. एकदा नव्हे, दोन वर्षांत तीनदा. तिसऱ्या वेळी तिची आजी सोबत होती. ती निघता निघता म्हणाली, 'साहेब, हिला मीठ आणायला पाठवलं तर रस्त्यातच विसरते. चुलीवर दूध ठेवून निघून जाते. तिच्या बापाचंही लहानपणी असंच होतं.' मीठ आणि दूध तर तेलुगूत सांगितलेले नव्हते! घरी काय घडते, हा प्रश्न मी मुलाच्या बाबतीत विचारला होता. तिच्या बाबतीत विचारलाच नव्हता, कारण ती कोणाला त्रास देत नव्हती. मुलींमध्ये हा विकार पुष्कळदा असाच, चंचलतेविना असतो. तोवर ती स्वतःला 'मठ्ठ' म्हणू लागली होती.

आदिलाबादच्या मनोविकारतज्ज्ञांनी निदान पक्के केले. मिथाइलफेनिडेट सुरू झाले. हे नियंत्रित औषध असल्याने खेड्यातील दुकानात मिळत नाही, महिन्याची फेरी पडते. भूक मंदावते म्हणून गोळी न्याहारीनंतर द्यावी. वजन, उंची, नाडी व रक्तदाब नोंदवावा. जेथे हे शक्य नाही तेथे अ‍ॅटोमॉक्सेटिनचा पर्याय आहे, मात्र त्याचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. सहा वर्षांखालील मुलांत औषधाआधी पालकांचे प्रशिक्षण. शाळेसाठी मी साध्या सूचना लिहून दिल्या: पुढचा बाक, एका वेळी एकच काम, मध्ये पाणी आणायला वा फळा पुसायला उठवणे, आणि पूर्ण केलेल्या कामाचे लगेच कौतुक.

सवलतींबाबत एक अडचण लक्षात ठेवावी. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या विकाराचे स्वतंत्र नाव नाही. विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचे आहे. दोन्ही एकत्र आढळणे सामान्य असल्याने वाचन-लेखनाची चाचणी अवश्य करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत मात्र हा विकार २०१३ पासून आहे. शाळेत येणाऱ्या पथकाला अशा मुलांची नावे आवर्जून द्यावीत.

ती मुलगी आता सातवीत आहे. मीठ अजूनही कधी कधी विसरते, असे आजी सांगते. माझ्या केसपेपरवर मात्र 'घरी कसे?' हा रकाना तेव्हापासून छापलेला आहे, आणि तो मी शांत मुलांसाठीही भरतो.