चोथ्यात आंबवायला उरतं काय?

प्रश्न : आमच्या तेलगावच्या साखर कारखान्यात ऊस पिळून उरलेलं बगॅस बॉयलरला जातं. मुंबईच्या रसायन संस्थेनं असल्याच चोथ्यापासून इथेनॉल काढलं, असं वाचलं. पण ऊस चावून थुंकलेला चोथा तर फिका लागतो. मग त्यात आंबवायला उरतं काय? आणि शोध एवढा मोठा, तर तो आमच्याकडे का येत नाही?
— एक वाचक, तेलगाव (जि. बीड)

उत्तर : चोथा फिका लागतो तो आपल्या जिभेला. टनभर ऊस गाळला की साधारण 280 ते 300 किलो बगॅस निघतं, त्यात निम्मं पाणी. कोरड्या भागात चाळीस टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज असतं, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांबलचक साखळी. तिचे दुवे तोडणारं विकर आपल्या शरीरात तयार होत नाही. म्हशीला वाढे पचतात, कारण तिच्या पोटातले जंतू ते विकर बनवतात.

ही साखळी तोडता येते, हे काही आजचं नाही. फ्रान्सच्या ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञानं 1819 मध्येच गंधकाम्ल वापरून कापडाच्या चिंध्यांपासून साखर केली होती! म्हणून 'चोथ्यापासून इथेनॉल' एवढाच मथळा दिसला तर मी तरी फारसा हुरळत नाही. मुंबईतल्या माटुंग्याच्या या रसायन संस्थेचं काम पुढचं आहे. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली ही संस्था, जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'यूडीसीटी'. तिथल्या जैवऊर्जा केंद्रात प्रा. अरविंद लाली आणि सहकाऱ्यांनी हात घातला तो खर्चाला. आधी सेल्युलोजभोवतीचं लिग्निनचं चिवट आवरण सैल करायचं, मग विकर घालायचं. पण विकर महाग, आणि एकदा वापरून ओतून दिलं की हिशेब कोलमडतो. त्यांनी ते पडद्यांतून गाळून पुन्हा वापरात आणलं. शिवाय काम घाण्यागणिक थांबत न करता अखंड चालवलं, त्यामुळे कित्येक दिवसांचं काम एका दिवसात आलं. याच तंत्रावर उत्तराखंडात काशीपूरला रोज 10 टन माल घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प 2016 मध्ये उभा राहिला. माझ्या मते खरी बातमी ही.

आता तेलगावचं. बगॅस टाकाऊ, ही समजूतच आधी सोडा. कारखान्याची वाफ त्यावर, सहवीजनिर्मिती असेल तर ग्रिडला जाणारी वीजही त्यावर. उरलंसुरलं विकत घ्यायला कागद गिरण्या आहेतच. ते इथेनॉलला वळवलं तर बॉयलरखाली काय घालणार? मोलॅसिसमध्ये साखर आयती मोकळी असते, तिला विकरांचा खर्च नाही. डिस्टिलरीवाले आधी तिकडेच वळणार. पानिपतला 2022 मध्ये सुरू झालेला मोठा प्रकल्प भाताच्या पेंढ्यावर चालतो, तोही याच कारणानं. पेंढा तिकडे शेतातच जाळला जायचा. त्या प्रकल्पाचं तंत्रज्ञान मात्र पुण्याच्या प्राज कंपनीचं.

आपल्याकडे पेंढ्याच्या जागी पाचट. पण ते विखुरलेलं, हलकं, ट्रॉली भरली तरी वजन भरत नाही. वाहतूकच खाऊन टाकते. तोवर खोडव्यात सरीआड कुजवलेलं बरं.

घरात कुणी बारावीनंतर या संशोधनाच्या वाटेनं जाणारं असेल, तर माटुंग्यापर्यंत जायलाच हवं असं नाही. 2018 पासून याच संस्थेचं एक आवार शेजारच्या जालन्यातही आहे.