वाऱ्याचे मोजमाप

तुळिंजच्या मुलांना रेल्वेगाडीची शिटी परिचयाची आहे. गाडी जवळ येताना तिचा स्वर चढा वाटतो. ती पुढे जाताच तो उतरतो. या भेदाचा नियम ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडला.

डॉप्लर रडार याच नियमाने वारा मोजते. त्याच्या लहरी पावसाच्या थेंबांवरून परततात. त्यांच्या बदललेल्या कंपनसंख्येवरून थेंबांना वाहून नेणाऱ्या वाऱ्याचा वेग कळतो. परंतु किनाऱ्यावरील रडारची दृष्टी भर समुद्रात फार लांब पोहोचत नाही. म्हणून अमेरिकेत शेपटीत रडार बसविलेली विमाने थेट चक्रीवादळात शिरतात. विमानाचा स्वतःचा वेग हिशेबातून वगळला, की वाऱ्याचा उरतो.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा कुलाब्यास वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत पोहोचला. असा वारा आधी कळला, तरच अर्नाळ्याच्या होड्या वेळीच किनाऱ्याला लागतात.