भांडवलशाही की समाजवाद? कापसातून शिकूया



'भांडवलशाही' आणि 'समाजवाद' हे शब्द फळ्यावर लिहिले की मुलं व्याख्या पाठ करतात आणि आठ दिवसांत विसरतात. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या मुलांना हा विषय समजवायला लांब जायची गरज नाही. घरातला कापूस पुरेसा आहे.

आधी अर्थ पाहू. भांडवलशाहीत जमीन, कारखाने, व्यापार खासगी मालकीचे असतात आणि भाव मागणी-पुरवठ्यावर ठरतो. समाजवादात उत्पादनाची मुख्य साधने समाजाच्या, म्हणजे बहुधा सरकारच्या, ताब्यात असतात. तिथे नफ्यापेक्षा गरजेला महत्त्व असते. भारताने दोन्ही मिळून मिश्र अर्थव्यवस्था स्वीकारली.

सरकारी खरेदीचा काळ. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेत शेतकऱ्याचंच, पण कापूस सरकारी यंत्रणेलाच द्यायचा. हा पूर्ण समाजवाद नव्हे, पण त्याचे गुण-दोष यात दिसतात.

- गुण : हमी भाव मिळायचा. व्यापाऱ्याच्या मर्जीवर राहावं लागत नसे.
- दोष : केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागायच्या, चुकारे रखडायचे. योजना तोट्यात गेली. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की कापूस चोरून तिकडे जायचा.

खुल्या बाजाराचा काळ. २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना परवानगी मिळाली आणि ही मक्तेदारी संपली.

- गुण : २०२१-२२ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६०२५ रुपये होता. बाजारात मात्र दर १०,००० च्या वर गेले.
- दोष : २०२४-२५ मध्ये हमीभाव ७५२१ रुपये असताना बाजारभाव त्याच्या खाली राहिला. मग शेतकरी पुन्हा सीसीआयच्या, म्हणजे सरकारी, खरेदी केंद्राकडे वळले.

एवढं सांगून झाल्यावर वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, मग चांगलं कोणतं?" मी उत्तर दिलं नाही. फळ्यावर तीन प्रश्न लिहिले :

१) भाव कोण ठरवतो?
२) नुकसान झालं तर कोण सोसतं?
३) पटलं नाही तर दुसरीकडे विकता येतं का?

मुलं बोलू लागली. एकाधिकारात तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' येतं. खुल्या बाजारात दुसऱ्याचं उत्तर 'आपले बाबा' येतं. हे उत्तर आल्यावर वर्ग थोडा वेळ शांत झाला.

मला वाटतं, धडा इथेच आहे. कोणत्याही व्यवस्थेचं नाव ऐकून टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे तीन प्रश्न विचारायचे.

उपक्रम : मुलांनी आजी-आजोबांना एकाधिकार खरेदीच्या आठवणी विचाराव्यात आणि आई-बाबांना यंदाच्या विक्रीबद्दल. दोन्ही वहीत शेजारी-शेजारी लिहावं. पालकहो, मुलांनी विचारलं तर 'तुला काय करायचं' म्हणू नका. हिशोब दाखवा. त्यांचं शिक्षण त्याच पैशातून चालतं.