मेलेल्या वन्य प्राण्याविषयी आदर

रस्त्यावर मेलेला साप दिसला की मुले त्यास काठीवर उचलतात, शेपटीला दोरी बांधून गावभर फरफटवितात. खेड्यातील शिक्षकास हे दृश्य नवे नाही. नुसते रागावल्याने काठी खाली पडते, मन मात्र जागे होत नाही. त्याऐवजी पुढील हकीकत सांगून पाहावी.

मध्य प्रदेशातील पेंच अरण्यात २००५ साली एक वाघीण जन्मली. २००८ साली तिच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बसविण्यात आला, म्हणून लोक तिला ‘कॉलरवाली’ म्हणू लागले. आठ वेतांत तिने एकोणतीस बछड्यांना जन्म दिला. १५ जानेवारी २०२२ रोजी वार्धक्याने तिचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी लाकडांची चिता रचण्यात आली. वनरक्षक व आसपासचे ग्रामस्थ जमले, त्यांनी फुले वाहिली, हात जोडले आणि एका आदिवासी स्त्रीने अग्नी दिला.

येथे थांबून मुलांस विचारावे : “तिला पुरले का नाही? जाळले का?” मुले बहुधा म्हणतील, माणसाला जाळतात म्हणून. हे उत्तर चुकीचे ठरवू नये. त्यात भावना आहे. मग दुसरे कारण सांगावे. शवविच्छेदनानंतर वाघाचे शव पूर्ण जाळतात, ते कातडे, नखे व हाडे चोरट्यांच्या हाती पडू नयेत म्हणून. तेथे फुले वाहणारा हात आणि पहारा करणारा डोळा यांचे काम एकच होते.

या ठिकाणी एखादा मुलगा सांगेल की, आमच्या घरी वाघनखाचा ताईत आहे. त्यास वर्गापुढे लाजवू नये. (वाघनखे म्हणून विकली जाणारी पुष्कळशी नखे खोटीच असतात!) मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मृत आढळलेला वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता होय, हे त्याच्या पालकांस एकांतात समजावून द्यावे.

आता सापाकडे वळावे. मेलेल्या सापाचे तोंडही काही वेळ चावा घेऊ शकते. रोगाने मेलेल्या प्राण्यापासून माणसास बाधा होते. म्हणून शवास हात न लावता वनरक्षकास किंवा पोलीस पाटलास कळवावे, आणि निरोप पोहोचेपर्यंत कुत्री व लहान मुले दूर ठेवावीत. हे काम मोठ्या मुलांवर सोपवावे. आदल्या दिवशी दोरी ओढणाऱ्यावर तर अवश्य.

नंतर वर्गाच्या वहीत नोंद करवावी : प्राणी कोणता, कोठे आढळला, कशाने मेला असावा. वाहनाखाली, विहिरीत पडून, की कोणी मारला?